होमलॅब नोंद: नेटवर्किंग रीस्टार्टनंतर होस्ट परत आला, गेस्ट आलेच नाहीत

काल डेबियन लिनक्सच्या होस्टवर (ज्याच्या आत माझी तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे गेस्ट, चालतात तो सर्व्हर) एक स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला नेटवर्कचा मार्ग, वाढवायचा होता. नेटवर्कची मांडणी लिहिलेल्या इंटरफेसेस फाइलमध्ये ओळ टाकली आणि सवयीने 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्किंग' दिलं. एसएसएच (होस्टवर दुरून काम करायची जोडणी) चार-पाच सेकंद अडकलं, मग सुरळीत. गेटवे (बाहेरच्या नेटवर्कचं दार असलेला राउटर) पिंगला उत्तर देत होता, पण एकाही नावाचा पत्ता मिळेना.

साहजिकच डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) मागे लागलो आणि अर्धा तास गेला. डीएनएस याच होस्टवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, हे उशिरा लक्षात आलं. बाकीच्या दोन मशीनही गप्प होत्या.

कन्सोलवरून डीएनएसच्या मशीनमध्ये शिरलो. इंटरफेस अप, आयपी पत्ता जागच्या जागी, डीफॉल्ट रूटही शाबूत. फक्त 'आयपी नेबर'मध्ये (शेजारच्या उपकरणांच्या मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्त्यांच्या यादीत) गेटवेसमोर 'फेल्ड' लिहिलेलं. मग होस्टवर व्हीनेट०वर (या गेस्टच्या आभासी केबलचं होस्टकडचं टोक) टीसीपीडम्प, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन, लावलं. गेटवेचा मॅक पत्ता विचारणाऱ्या एआरपी विनंत्या एकामागून एक येत होत्या. तेच टीसीपीडम्प बीआर०वर (गेस्ट आणि फिजिकल कार्ड एकत्र जोडणारा ब्रिज, म्हणजे आभासी स्विच) लावलं, तर तिथे त्यांचा मागमूस नाही! खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

'ब्रिज लिंक'ने उरलेलं सांगितलं: बीआर०खाली फक्त फिजिकल कार्ड. सर्व्हिस थांबताना ब्रिज मोडला जातो, सुरू होताना नव्याने बांधला जातो, आणि त्यात 'ब्रिज पोर्ट्स'च्या ओळीत लिहिलेली कार्डंच जोडली जातात. व्हीनेट० ते व्हीनेट२ तिथे लिहिलेले नसतात. मशीन सुरू होताना लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) ते जोडतं. ब्रिज गेला तसे ते सुटले, आणि गेस्टला आतून काहीच कळलं नाही, कारण त्याच्या बाजूची लिंक अप होती.

'आयपी लिंक सेट व्हीनेट० मास्टर बीआर०' दिलं, मग उरलेल्या दोघांसाठी तेच. गेस्ट रीस्टार्ट न करता पिंग चालू. माझ्या ब्रिजचा फॉरवर्ड डीले (नवीन जोडणीतून पॅकेट पुढे सोडण्याआधीची थांबण्याची वेळ) शून्य आहे म्हणून लगेच. डीफॉल्ट १५ सेकंद असेल तर थोडं थांबा, कमांड फसली असं समजू नका.

रूटसाठी रीस्टार्टची गरजच नव्हती. 'आयपी रूट ॲड'ने चालू सिस्टिमवर लावायचा आणि पुढच्या बूटसाठी फाइलमध्ये लिहायचा, एवढंच पुरतं. ब्रिजलाच हात लावायची वेळ आली तर आधी 'सिस्टिमडी-रन'ने (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) पाच मिनिटांनी जुनी फाइल परत ठेवून रीबूट करणारा टायमर लावीन, आणि सगळं नीट चाललं की तो रद्द करीन.

पुढचं काम: इफअपडाऊन२ (इंटरफेसेस फाइल लागू करणारं दुसरं साधन) बसवून त्याच्या 'इफरीलोड' कमांडने फक्त बदललेला भाग लागू करताना व्हीनेट टिकतात का, ते रिकाम्या गेस्टवर तपासायचं.