पॅकहाउसचं सॉफ्टवेअर आणि भिंतीवरचे तक्ते : माझा अनुभव

नाशिकमध्ये द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर करायला घेतलं की शेवटची तारीख आपल्या हातात नसते. जानेवारीत माल सुरू होतो, त्याआधी यंत्रणा चालू हवी. अशा कामांत टूल कोणतं हा वाद मी नंतर घेतो. तक्त्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय ते आधी ठरवतो.

काय काय करायचं, यासाठी स्टोरी मॅप. भिंतीवर खाकी कागद लावून वरच्या रांगेत मालाचा प्रवास मांडायचा: आवक, वजन, प्रतवारी, पॅकिंग, लेबल, प्रीकूलिंग, कंटेनर. प्रत्येकाखाली चिठ्ठ्या, अडणारं काम वर, ‘झालं तर बरं’ खाली. मग आडवी रेघ मारायची, रेघेवरचं तेवढं पहिल्या रिलीजमध्ये. प्रत्येक टप्प्याचं थोडं तरी रेघेवर यायलाच हवं, नाहीतर वजन झकास घेणारं पण लेबल न छापणारं सॉफ्टवेअर तयार होतं. बैठकीला सुपरवायझर हवाच. मालक रिपोर्ट मागतात. प्रतवारीत बाद झालेल्या मालाची नोंद कुठे करायची, हे सुपरवायझरच विचारतो. आणि चिठ्ठी गठ्ठ्यातून बाजूने सोलून काढा. खालून वर ओढली की तिला बाक येतो आणि सकाळी ती जमिनीवर सापडते.

तारखेसाठी गँट चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपतं हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, पण त्यात फक्त एकमेकांवर अवलंबून असलेली कामं. समजा वजनकाट्याची सॉफ्टवेअरला जोडणी 6 दिवस, त्यावर वजनाची नोंद 5, मग लेबल 4 आणि चाचणी 5: एकूण 20. रिपोर्टला 8 दिवस लागतात आणि ते चाचणीआधी झाले की पुरे, म्हणजे तिथे 7 दिवसांची सवड आहे. काटेवाला मात्र दोन दिवस उशिरा आला की अख्खं काम दोन दिवस पुढे. त्यामुळे फोन कुणाला करत राहायचा ते चार्टच सांगतो. डेव्हलपरचं प्रत्येक बारीक काम त्यात भरलं, तर आठवड्याभरात तो चार्ट कुणी अपडेट करत नाही.

रोजच्या कामाला कानबान: प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते बोर्डवर एका टप्प्याच्या रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकतं आणि एका रकान्यात किती कार्डं चालतील याची मर्यादा असते. इथे रकाने आखणं सोपं, मर्यादा पाळणं अवघड. हातात 12 कार्डं आणि आठवड्याला 3 पूर्ण होत असतील, तर एका कार्डाला सरासरी 4 आठवडे लागतात. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून हातातली 6 वर आणली, तर 2. बहुतेक टीममध्ये गर्दी ‘टेस्टिंग’च्या रकान्यात होते, कारण कोड लिहिणारे पाच आणि तपासणारा एक. रकाना भरला की नवीन कार्ड उचलायचं नाही, तपासायला बसायचं. सिनिअर मंडळींना हे सर्वांत जड जातं!

अडलेल्या कार्डावर लाल ठिपका, अडल्याची तारीख आणि कुणामुळे अडलंय त्याचं नाव. टीम एकाच खोलीत असेल तर साधा व्हाइटबोर्ड पुरतो. ग्राहकाला संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा. कुणी घरून काम करत असेल, तर मात्र ट्रेलो किंवा जिरासारखा ऑनलाइन बोर्ड घ्या. भिंतीवर एक आणि स्क्रीनवर एक, असे दोन बोर्ड ठेवले की दोन्हींचा मेळ बसत नाही.