तुम्ही विचारलंत म्हणून : कॉम्प्युटर चार, यादी एकच

आईने हॉलमधल्या टीव्हीवर नाटक लावलेलं असतं. दुसऱ्या अंकात तिची पाठ भरून येते, ती उठते, आपल्या खोलीत जाऊन आडवी होते आणि तिथल्या छोट्या टीव्हीवर नाटक थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. हे बघितलं की घरी आलेलं माणूस विचारतंच, हे जमवलंत कसं? आणि ज्यांनी स्वतः थोडी खटपट केलेली असते त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आम्हीही कोडी (टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर नाटकं-गाणी लावणारा प्रोग्रॅम) वापरतो, तर त्याच्या डेटाबेसची फाइल घरातल्या नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आणि सगळ्या कॉम्प्युटरना तिथे वळवलं, तर काम होईल ना?

नाही होणार. म्हणजे आठ-दहा दिवस होईल, आणि तेच वाईट, कारण तेवढ्यात आपला विश्वास बसतो.

कोडी मुळात आपली यादी, म्हणजे आपल्याकडे काय काय आहे आणि कुठलं नाटक कुठे थांबलं होतं ही सगळी माहिती, एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. हा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइल. वेगळा सर्व्हर नाही, काही नाही, म्हणून तर तो मोबाइलपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे असतो. पण एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे कुलूप मागतो, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये या कुलपाचा भरवसा नसतो. दोन कॉम्प्युटरना एकाच क्षणी ‘कुलूप तुझंच’ असं उत्तर मिळू शकतं. दोघेही लिहितात आणि फाइल आतून विस्कटते. एसक्यूलाइट तयार करणारेच त्यांच्या माहितीपत्रकात सांगतात, की अनेक यंत्रांनी नेटवर्कवरून एकच फाइल वापरायची असेल तर दुसरा डेटाबेस निवडा.

मी ते वाचलं नव्हतं. मामांच्या १८४ कॅसेटी माझ्याकडे आल्या होत्या : कीर्तनं, रेडिओवरून घेतलेली नाट्यगीतं, गावच्या उत्सवातल्या बैठका. कॅसेट उतरवायची म्हणजे ती जितकी लांब तितका वेळ बसायचंच. साठ मिनिटांची असेल तर साठ मिनिटं, मध्ये उठून बाजू बदलायची, अधूनमधून हेड पुसायचं. त्यात व्हीएचएसवरून उतरवलेली नाटकं. या नाटकांची माहिती इंटरनेटवर कुठे मिळणार? कुणाचं नाटक, कोण कोण काम करतंय, प्रयोग कधीचा, हे सगळं मी आईला विचारून कोडीत एकेक करून भरलं होतं. पाच महिने लागले. मग डेटाबेसचं फोल्डर शेअर्ड फोल्डरला जोडून दिलं आणि दिवाळीत पाहुणे असताना दोन टीव्ही एकदम चालू झाले. दुसऱ्या दिवशी कोडीच्या लॉगमध्ये एकच ओळ : ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’, म्हणजे डेटाबेसची फाइल बिघडलीय. नाटकांच्या फाइली होत्या तशाच होत्या. भरलेली सगळी माहिती गेली होती.

त्या दिवशी मला कळलं, की माझा संग्रह म्हणजे त्या फाइली नव्हेतच. फाइली पुन्हा उतरवता येतील. कुणी गायलंय, कुठे, पेटीवर कोण, ही जी ओळख पटवलेली असते तो खरा संग्रह, आणि ती सगळी यादीत असते.

आई तीस वर्षं एका वाचनालयात होती. मी झालेला प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अरे, दाखल नोंदवही टेबलावरून हलवायचीच नाही. ज्याला नोंद हवी त्याने टेबलाशी यायचं, लिहिणारा एकच.” तिला डेटाबेस ठाऊक नाही, पण उत्तर नेमकं तेच होतं. फाइल वाटायची नाही. फाइलीशेजारी एक राखणदार बसवायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागणी करायची आणि लिहायचं काम त्यानेच करायचं.

कोडीला असा राखणदार चालतो. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या सर्व्हरवाल्या डेटाबेसपैकी काहीही. मी जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स टाकून मारियाडीबी बसवलं. सुरुवातीला ते फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरवरून आलेली मागणी ऐकतं, तेव्हा त्याच्या सेटिंगमधला १२७.०.०.१ हा पत्ता बदलून घरातल्या नेटवर्कचा द्यावा लागतो. राउटरमध्ये त्या डेस्कटॉपचा पत्ता कायमचा बांधून टाकायचा, नाहीतर एकदा वीज गेली की नवा पत्ता मिळतो आणि सगळे टीव्ही रिकामे दिसतात. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर कोडीच्या यूजरडेटा फोल्डरमध्ये ‘ॲडव्हान्स्डसेटिंग्ज’ नावाची एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवायची. तिच्यात व्हिडिओसाठी एक आणि गाण्यांसाठी एक असे दोन भाग. प्रत्येकात डेटाबेसचा प्रकार, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ३३०६, नाव आणि पासवर्ड. ही फाइल चारही ठिकाणी हुबेहूब सारखी. पुढचे डेटाबेस कोडी स्वतःच तयार करतं.

इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात, आणि पुढच्या पायरीवर अडकतात. यादीत प्रत्येक नाटकापुढे त्याच्या फाइलचा पत्ता अक्षरशः जसाच्या तसा लिहिलेला असतो. तुम्ही विंडोजच्या कॉम्प्युटरवर बसून ‘डी ड्राइव्ह, नाटकं’ असं फोल्डर जोडलंत तर तेच लिहिलं जातं. मग आईच्या टीव्हीवर नाव दिसतं, चित्र दिसतं, पण लावायला गेलं की फाइल सापडत नाही, कारण तिच्या टीव्हीला डी ड्राइव्ह नाहीच. म्हणून ज्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क आहे त्याच्यावरसुद्धा फोल्डर नेटवर्कच्या वाटेनेच जोडायचं, एसएमबी किंवा एनएफएस (नेटवर्कवर फोल्डर वाटायच्या दोन पद्धती), आणि चारही ठिकाणी एकच वाट. घरातल्या घरात वळसा घालून जायचा, हे विचित्र वाटतं, पण पत्ता असा हवा की तो घरातल्या कुणालाही सापडेल.

दुसरी अडचण आवृत्तीची. कोडीच्या डेटाबेसच्या नावाला एक आकडा असतो. १९व्या आवृत्तीचा व्हिडिओ डेटाबेस ११९, २०व्याचा १२१, २१व्याचा १३१. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू झाली की ती जुन्या यादीची नक्कल करून नव्या आकड्याची यादी बनवते आणि तिथेच लिहू लागते. जुन्या आवृत्तीचे कॉम्प्युटर जुन्या यादीतच राहतात. कुठेही चूक दाखवली जात नाही, फक्त हॉल आणि खोली हळूहळू वेगळं बोलायला लागतात. आमच्याकडे आता नियम आहे : अपडेट करायचं तर एकाच रविवारी, सगळीकडे.

यादीत नावाशेजारी दिसणाऱ्या चित्रांचं एवढं मनावर घेऊ नका. त्यांचा साठा प्रत्येक यंत्र आपापला ठेवतं, पहिल्यांदा थोडा वेळ लागतो इतकंच.

पण मराठी संग्रह असेल तर एका गोष्टीकडे फार बारकाईने बघा. मामांच्या कॅसेटींत कऱ्हाडच्या कीर्तनाच्या सहा कॅसेटी आहेत. एकच कीर्तन, सहा भाग. यादीत मात्र त्याचे तीन अल्बम दिसायचे, तिघांचं नाव तेच, अक्षर न् अक्षर सारखं. मी दोन संध्याकाळ नुसता बघत बसलो होतो. शेवटी नाव एका प्रोग्रॅममध्ये टाकून त्यातले संकेत सुटे केले तेव्हा उलगडलं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो संकेत देतो त्या पद्धतीत, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, तसंच साधा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असं लिहूनही तेच दिसतं. शिवाय ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक असं लिहूनही ‘ऱ्ह’मधली तीच चंद्रकोर उमटते. मी एका कीबोर्डवर लिहिलं होतं, मुलीने दुसऱ्या, काही नावं जुन्या मॅकवरून आली होती. डोळ्यांना एक ‘कऱ्हाड’, यंत्राला तीन. आता गाण्यांच्या फाइलींवरची नावं मी एकाच कॉम्प्युटरवर, एकाच कीबोर्डने दुरुस्त करतो आणि नवीन भर घालून यादी ताजी करायचं कामही तिथूनच होतं. बाकीचे फक्त ऐकतात, बघतात. जोडाक्षरांच्या या खाचाखोचा आपल्या घरी येणार हे गृहीत धरूनच कामाला लागा.

आणि बॅकअप. रोज रात्री अडीचला त्या डेस्कटॉपवर सगळ्या यादीची प्रत निघते आणि वेगळ्या पेन ड्राइव्हवर जाते. यादी मजकुराचीच असल्यामुळे ती अगदी लहान असते, नाटकं-गाण्यांच्या मानाने काहीच नाही. याशिवाय कोडीतूनच प्रत्येक नाटकाची माहिती त्याच्या शेजारी छोट्या फाइलीत काढून ठेवता येते. ते दर महिन्याला करतो. उद्या कोडी बदललं तरी नाव आणि नाटक एकमेकांपासून सुटणार नाहीत.

गेल्या आठवड्यात कॅसेट क्रमांक ६१ची दुसरी बाजू आईने ऐकली. तिच्यावर मामांनी काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून यादीत इतकी वर्षं ती ‘अनोळखी बैठक’ होती. तबला सुरू झाला आणि आईने खोलीतून हाक मारली, “हा आपल्या शेजारचा अण्णा वाजवतोय, गणपतीतली बैठक आहे ही.” मी डेस्कटॉपवर नाव बदललं आणि यादी ताजी केली. मुलगी हॉलमध्ये होती, तिने तिथूनच विचारलं, “कोण अण्णा गं आजी?”