अकरा सेंटिमीटरची गाठ छिद्रातून बाहेर कशी येते

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की छिद्रं किती, एवढंच जो तो विचारतो. खरा प्रश्न वेगळा आहे: सुटलेली गाठ बाहेर कशी काढणार? डॉक्टरांना हे आधीच विचारा.

माझी गाठ गर्भपिशवीची, फायब्रॉइड, 11 सेंटिमीटरची. सोनोग्राफीनंतर जळगावला एमआरआय केला. गाठ पिशवीच्या कुठल्या थरात आहे आणि कॅन्सरची शंका घ्यावी असं काही दिसतं का, हे त्यात पाहतात. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. एवढ्यावर भूलतज्ज्ञ तयार होईनात. गोळ्यांनी वेळ लागतो, म्हणून लोह सलाईनमधून दिलं. तीन आठवड्यांनी 10.6. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही केली. नंदुरबार-धडगावच्या पट्ट्यात तर ती चुकवूच नये, कारण अंग थंड पडणं, पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडणं सिकलसेलच्या रुग्णाला महागात पडतं. जनआरोग्य योजनेतून करायचं असेल तर मंजुरी आधी लागते. रेशनकार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर ते आधी निस्तरा.

ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा. गाठ मोठी असली की पहिलं छिद्र बेंबीत न पाडता वर, बरगडीखाली डावीकडे किंवा बेंबीच्या वरच्या बाजूला घेतात. नाहीतर दुर्बीण गाठीलाच टेकते, पुढचं काही दिसत नाही. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून पिशवीत व्हॅसोप्रेसिन हे औषध पातळ करून टोचतात. त्यानं रक्तदाब चढू शकतो, नाडी मंदावू शकते, म्हणून टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगतात. मग गाठ सोलून काढायची आणि पिशवीची जखम थराथरानं शिवायची. सगळ्यात जास्त कौशल्य या शिवणीत. रक्त आवरलं नाही तर पोट उघडावं लागतं. त्याची सही आधीच घेतात. ती पाहून घाबरायचं कारण नाही.

आता गाठ बाहेर काढायची. तुकडे करावे लागतातच. गाठ पोटात तशीच मोकळी ठेवून यंत्रानं तुकडे केले तर बारीक कण इकडेतिकडे पडतात आणि तिथं पुन्हा गाठी धरू शकतात. न ओळखलेला कॅन्सर असेल तर तोही पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2014 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. म्हणून गाठ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड छिद्रातून बाहेर ओढून, आतल्या आत कापायची. वेळ वाढतो, वाढू द्यावा. संशयास्पद गाठ असेल तर तुकडे करायचेच नाहीत, मोठा छेद घेऊन अख्खी काढायची.

नंतर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला. राहिलेला गॅस छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो, त्याची कळ खांद्यात येते. दोन-तीन दिवसांत जाते. चालत राहायचं. वांग्याचं भरीत आणि शेवभाजी आठवडाभर लांब. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर घासते, गाऊन घाला. गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आठवड्याभरानं येतो, तो मागून घ्या; पुष्कळ जणी टाके निघाले की तिकडे फिरकतच नाहीत.