क्लब बघायला आलात? हँगरमध्येही या

पालक मुलांना घेऊन पायलट व्हायचं शिकवणारा फ्लाइंग क्लब बघायला येतात तेव्हा फेरी ठरलेली असते. ऑफिसात चहा, सिम्युलेटर, हॉस्टेल, मग विमानाशेजारी फोटो. हँगरच्या दारातूनच मंडळी परत फिरतात. मी विमानांचा मेंटेनन्स इंजिनिअर, नोकरी सगळी सेसना 152 आणि 172 या छोट्या शिकाऊ विमानांच्या काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) डोकं घालून गेली. तेव्हा माझं मत थोडं एकांगी असणारच. तरी सांगतो, आधी हँगर बघा.

माहितीपत्रकात दहा विमानं असतील, तर त्यातली उडणारी किती ते विचारा. कोपऱ्यात एखादं बिनप्रॉपेलरचं उभं असतं, पॅनेलमध्ये भोकं पडलेली. म्हणजे त्याचे पार्ट काढून बाकीची चालवली जाताहेत. स्पेअर बाहेरून मागवावे लागतात, वेळ लागतो, त्यामुळे तेवढ्यावरून नाक मुरडू नका. पण पंखांवर बोटभर धूळ असेल, तर ते विमान आता फक्त पत्रकातच उडतं.

मग सरळ हिशेब करा. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे 200 तास लागतात. दर 100 तासांनी विमान इन्स्पेक्शनला येतं, मध्ये 50 तासांचंही असतं. रोज पाच-सहा तास उडणारं विमान तीन आठवड्यांच्या आत आमच्या दारात हजर! तिथे लायसन्सवाला इंजिनिअर एकच असला की रांग लागते, आणि पोरं हॉस्टेलवर पत्ते कुटत बसतात. फी एकरकमी भरलेली असेल तर बोलायचीही सोय राहत नाही.

हँगरमध्ये आलात की प्रॉपेलरची पुढची कड नीट बघा. धावपट्टीवरच्या खड्यांनी टवके उडतातच. ते वेळच्या वेळी कानशीने घासून गुळगुळीत केलेले दिसले, तर तिथे कुणीतरी रोज लक्ष घालतंय. (हात मात्र विचारल्याशिवाय लावू नका. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र; त्याची ग्राउंड वायर तुटलेली असली तर प्रॉपेलर फिरवताच, किल्ली खिशात असूनही, इंजिन फायर होऊ शकतं.)

आणखी एक विचारा: विद्यार्थ्याने स्नॅग, म्हणजे विमानातला बिघाड, लिहिला तर पुढे काय होतं? 152 च्या रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) 1700 आरपीएमवर एका मॅग्नेटोवर इंजिनाचे फेरे 125 पेक्षा जास्त उतरले, तर पोराने विमान परत आणायला हवं. एका ठिकाणी मी असताना वरून तोंडी फर्मान होतं, "लिहू नका, नुसतं सांगा." टेक लॉग (बिघाड-दुरुस्तीची नोंदवही) कोरा करकरीत, आणि नवीन पोरांना तेच विमान उत्तम वाटायचं. मला तर भरलेलं टेक लॉग बघून बरं वाटतं.

जागेचाही विचार करा. बारामती पर्जन्यछायेत, त्यामुळे पावसाळ्यात कोकणाइतके दिवस वाया जात नाहीत. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी उसळते की नवख्याला सोलो सोडणं कठीण, सगळी गर्दी सकाळच्या स्लॉटवर.

2025 मध्ये डीजीसीएने, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाने, प्रशिक्षण संस्थांचं पहिलं मानांकन जाहीर केलं. सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती. तेही बघा, पण येताना सकाळी लवकर या आणि कँटीनमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, "शेवटचं फ्लाइंग कधी झालं?" महिना उलटला असं म्हणाला, तर का ते विचारायला माझ्याकडे या.