पाणी जोत्यापर्यंत न आलेली रात्र

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका शनिवारी रात्री आम्ही आमच्या रिसॉर्टच्या नदीकडच्या दोन कॉटेज रिकाम्या केल्या. अकरा माणसं होती, त्यात एक आजी आणि दोन लहान मुलं. सगळ्यांना वरच्या जेवणाच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपवलं. सकाळी पाहिलं, तर पाणी व्हरांड्याच्या चार पायऱ्यांपैकी दुसरी ओली करून परत गेलं होतं. खोलीत थेंब नाही. 'उगाच उठवलं' इथून सुरू झालेला वाद मालक, बुकिंग एजंट आणि मी ह्या तिघांत अजून मिटलेला नाही.

जागा कोलाडजवळ, कुंडलिकेच्या काठावर. ही नदी इतर कोकणी नद्यांसारखी वागत नाही. मुळशी धरणाचं पाणी खरं तर पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जायचं. ते डोंगरातून पश्चिमेला वळवून जवळपास ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं, १९२७ पासून. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून मे महिन्यात आसपासच्या नद्यांत गोटे तापत असताना इथे राफ्टिंग चालतं. वीजनिर्मिती सुरू झाली की सकाळी पाणी चढतं, संध्याकाळी उतरतं. आदल्या संध्याकाळी ज्या खडकावर बसून फोटो काढले, तो सकाळी चहाच्या वेळेला दिसतच नाही. उन्हाळ्यात आमची निम्मी शक्ती ह्याच गोष्टीवर खर्च होते: सकाळी मधल्या खडकावर कोणी जाऊ नका, टॉवेल वाळत घालू नका, मुलांना एकटं सोडू नका. पाटी लावलेली आहे. पाटीला टेकून सेल्फी काढतात.

पावसाळ्यात मात्र वीजघराच्या पाण्यावर घाटातलं पाणी चढतं आणि त्याला वेळापत्रक नसतं. ताम्हिणी घाट, भिरा, देवकुंड धबधबा ह्या बाजूचा पाऊस म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला आकड्यांशिवाय कळत नाही. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की तो 'अतिमुसळधार'च्याही पुढचा, शेवटच्या वर्गातला पाऊस. २५ जुलै २०२४ च्या सकाळी ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर नोंदला गेला. असं पाणी कड्यांवरून उतरून आमच्याकडे यायला साधारण दीड-दोन तास लागतात. त्या वेळात कोलाडला चांदणंसुद्धा पडलेलं असू शकतं. इशारा येतो तो अख्ख्या रायगड जिल्ह्याचा, अलिबागच्या समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत एकच रंग. जुलैत तो ऑरेंज जवळजवळ रोज असतो, त्यामुळे पाहुणेच काय, आमचा स्वयंपाकीसुद्धा त्याच्याकडे बघत नाही.

म्हणून आम्ही बघतो ती पट्टी. नदीच्या वाकणावर कातळाला धरून एक जीआय पाइप सिमेंटात रोवला आहे, त्यावर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे. मे महिन्यात वीजघराचं पाणी बंद असताना जी पातळी असते ती आमची शून्य. पट्टी मुख्य धारेत लावू नये, वाहून आलेला ओंडका एका फटक्यात वाकवतो; वाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी संथ चढतं तिथे लावावी, आणि वरच्या वाटेवरून टॉर्चच्या उजेडात वाचता यायला हवी. खाली उतरून वाचावी लागणारी पट्टी पुरात कुणी वाचत नाही. दोन खालच्या कॉटेजचं अंगण ३.१ मीटरला आहे, जोतं ३.७ ला. जोतं ठरवताना जुन्या माणसांना विचारलं होतं. पण माणसं आठवणीत पूर थोडा मोठा करतात, म्हणून करंजाच्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकची आणि खोडावरच्या गाळाच्या रेषेची उंचीही लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, मोजून घेतली होती.

आता खरा मुद्दा. ह्या दोन कॉटेजकडे जायची वाट एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, ओलांडून जाते. पऱ्यावर मोरी आहे, ६०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा गोल नळ) आणि वर काँक्रीट. मोरीचा माथा २.४ मीटरला. नदी चढली की तिचं पाणी ह्या पऱ्यात उलटं शिरतं, वरून येणारं पाणी अडतं आणि मोरी बुडते. म्हणजे अंगणात पाणी यायच्या ७० सेंटिमीटर आधीच वाट बंद. कॉटेज कोरडी, दिवे चालू, आतले लोक पत्ते खेळतायत आणि ते बेटावर आहेत हे त्यांना माहीत नाही.

त्या संध्याकाळी सातला आमच्याकडचा पाऊस थांबला. पट्टीवर १.२ मीटर. आठला १.४. पाण्याचा रंग गढूळ चहासारखा होता तो लाल झाला, आणि साडेआठला पालापाचोळा, काटक्या, फेस यायला लागला. पातळी १.६. पालापाचोळा येतो तो चढत्या पाण्याबरोबर, नुकती बुडलेली काठावरची जमीन झाडून निघते म्हणून. उतरत्या पाण्यात तो इतका नसतो. कातकरीवाडीतले एक मामा रात्री आमच्याकडे राखणीला असतात, ते पट्टीकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांनी आवाज ऐकायला सांगितलं. पाण्याच्या खळखळाटाखाली मधूनच गडगड व्हायला लागली होती, तळाचे धोंडे सरकण्याची.

तेवढ्यात खालच्या कॉटेजमधून फोन आला: "अहो, कमोड गुडगुडतोय, माणूस पाठवा." नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. शोषखड्ड्याभोवतीच्या जमिनीत पाणी वर आलं की संडासाच्या टाकीतली हवा आणि पाणी मागे ढकललं जातं, आणि नदी अंगणात दिसायच्या कितीतरी आधी संडासात ऐकू येते. प्लंबर पाठवून उपयोग नसतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत आठ-दहा किलो वाळू भरून, तोंड बांधून ती कमोडच्या भांड्यात दाबून बसवायची, न्हाणीच्या जाळीवर दुसरी. नाहीतर खोलीत पुराच्या आधी मैला येतो.

नऊला १.९. हिशोब सरळ होता. मोरीला ५० सेंटिमीटर बाकी, चढ अर्ध्या तासाला ३० चा, म्हणजे हातात पन्नास मिनिटं. आजींना धरून अकरा माणसं वर आणायला पंचवीस मिनिटं. उरलेला वेळ समजूत घालण्याचा.

तो सगळा त्यातच गेला. ठाण्याचं कुटुंब निमूट उठलं. पुण्याच्या ऑफिसचा ग्रुप म्हणाला, "दादा, पाऊस तर केव्हाच थांबलाय! आणि नदी बघा कुठे आहे." त्यांचंही खरंच होतं. व्हरांड्यातून नदी बारा-पंधरा मीटर लांब दिसत होती. मी म्हटलं, "साहेब, चालेल, सामान राहू द्या. औषधं, चष्मा, चार्जर आणि बूट तेवढे घ्या." सामान घेऊ नका म्हटलं की लोक हलतात, घ्या म्हटलं की बॅगा भरण्यात अर्धा तास जातो. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचललं, सगळ्यांत आधी. मुलं नंतर. सगळे गेल्यावर खालच्या दोन्ही कॉटेजची लाइन वरच्या बोर्डवरून पाडली. हा स्विच कॉटेजमध्ये ठेवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला काय म्हणावं! पूर आल्यावर वीज बंद करायला पाण्यात उभं राहायचं? गीझरचे सिलिंडर काढून वर आणले, कारण अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि वाहून जाताना रेग्युलेटर तुटतो. खोल्यांना कुलूप लावून किल्ल्या मी खिशात ठेवल्या, म्हणजे पॉवर बँक राहिली म्हणून कोणी परत जाणार नाही. डोकी हॉलमध्ये नावं घेऊन मोजली, खोल्या मोजून नाही.

साडेनऊला २.२. दहाला मोरी दिसेनाशी झाली. साडेबाराला ३.४, तिथेच थांबलं. म्हणजे मोरीवर मीटरभर पाणी, वेगाचं. गुडघाभर पाण्यातसुद्धा वेग असेल तर धडधाकट माणूस पाय टिकवू शकत नाही; वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. त्यात आजी आणि दोन मुलं. पहाटे चारपर्यंत पट्टीवर दोघं उभे होते. एकट्याला कधीच उभं करत नाही.

सात वाजता पाहुणे खाली गेले तेव्हा नदी उतरलेली, मोरी उघडी, वर थोडा चिखल. शीळकरी कस्तुर समोरच्या काठावर इतका सुंदर वाजत होता की रात्रीचं काही घडलंच नाही असं वाटावं. दुसऱ्या पायरीवरची गाळाची रेष दाखवली. पुण्याच्या ग्रुपमधल्या एकाने जोत्याला हात लावून विचारलं, "म्हणजे आलं नाहीच ना?" त्यांनी एका रात्रीचे पैसे परत मागितले, मालकाने दिले. ठाण्याच्या आजींनी मात्र जाताना मामांना शंभर रुपये दिले आणि कोणाशी काही बोलल्या नाहीत.

पाणी खोलीत शिरलं असतं तर सगळ्यांनी आभार मानले असते. न शिरल्यामुळे मी घाबरट ठरलो. मी तेव्हापासून विचार करतोय की त्यांच्यातल्या एकाला दहा वाजता टॉर्च घेऊन मोरीपाशी न्यायला हवं होतं का. पटलं असतं. पण रात्री पुराच्या काठावर पाहुणा नेणं हे मी कुणालाच करू देत नाही, आणि एकदा नेला की बाकीचेही मोबाइल घेऊन मागे येतात. देवकुंडावर पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं, तेव्हा मला हे मागे येणारेच आठवतात.

खरी गोची विक्रीत आहे. पाटबंधारे खातं नदीला निळी रेषा आखतं, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, १०० वर्षांतून एकदाची. निळीच्या आत बांधकाम नको असं नियम म्हणतो. ह्या रेषा जोत्याचा विचार करतात, वाटेचा करत नाहीत. आमच्या जोत्याचा हिशोब ठीक, वाटेचा नाही. मोरी उंच करायला पाइपऐवजी दोन मीटर रुंदीचा स्लॅब टाकून माथा ३.३ ला न्यावा लागेल. नुसता माथा उंच करून पाइप तोच ठेवला तर पऱ्याचं पाणी वरच्या बाजूला तुंबून जेवणाच्या हॉलकडे वळेल. अंदाजपत्रक दिलं आहे. मालक म्हणतात, पुढच्या सीझनला बघू. एजंटचं म्हणणं, ह्याच दोन खोल्यांमुळे फोन वाजतो, वरच्या चार कोण विचारतं!

तोवर जून ते सप्टेंबर खालच्या खोल्यांच्या बुकिंगला मी एक ओळ जोडून पाठवतो: रात्री कधीही वरच्या हॉलमध्ये यावं लागेल, तेव्हा कारण विचारू नये, पैसे परत मिळणार नाहीत. ऑगस्टमध्ये ती वाचून तीन बुकिंग रद्द झाली. एजंटने ती ओळ काढायला सांगितली आहे. मी काढलेली नाही.