तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकची वाईन खरंच चांगली असते का?

मी नाशिकला राहते आणि माझं माहेर दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचं, एवढं कळलं की पाहुणे, नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी, लग्नात भेटलेले लांबचे नातलग, सगळे एकच विचारतात: नाशिकची वाईन खरंच चांगली असते, की नुसतंच नाव झालंय? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. पांढरी वाईन चांगली असते. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाणांच्या वाईन मी कुणाहीपुढे बिनधास्त ठेवते. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईनही चांगली. लालमध्ये शिराज आपल्याकडे जमते. कॅबर्ने सोव्हिन्यों मात्र निवडून घ्यावी लागते, आणि स्वस्तातल्या लाल वाईनच्या वाटेला मी जात नाही. असं का, हे समजायला बागेत जावं लागतं.

द्राक्षवेलीला थंडीची झोप लागते. फ्रान्स-इटलीत ती हिवाळ्यात पानं गाळून निजते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येते. वाईनच्या द्राक्षांचा जगातला जुना पट्टा साधारण 30 ते 50 अक्षांशांच्या मधला आहे. नाशिक 20 अंशांवर. इथं वेल झोपतच नाही. मोकळी सोडली तर वर्षभर पाला वाढवत राहील आणि घड कधी, कुठे देईल याचा भरवसा नाही. म्हणून आमच्याकडे वेलीचं वर्ष ऋतूवर चालत नाही, कात्रीवर चालतं.

काढणी उरकली की एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडावर, एखाद-दुसरा डोळा (कोंब फुटायची जागा) राखून सगळ्या काड्या उतरवतात, आणि भर उन्हात बाग उघडीबोडकी होते. त्यातून फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत, एप्रिल ते जूनच्या उजेडात, पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. तो बाहेरून दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत पाठवून कितव्या डोळ्यात घड आहे ते तपासून घेतात आणि तेवढ्यावरच काप देतात. ही दुसरी, सप्टेंबर-ऑक्टोबरातली गोडी छाटणी. कात्री दोनदा, पीक एकदा. पोंगा, दोडा, फुलोरा अशा अवस्था पार करत ते पीक साधारण चार-साडेचार महिन्यांत तयार होतं. मधल्या काळात परतीचा पाऊस लांबला तर डाऊनी हा बुरशीचा रोग, फुलोऱ्यात पाणी साचलं तर गळ आणि कूज, थंडीत ढगाळ हवा राहिली तर भुरी, तीही बुरशीच. माझ्या लहानपणी दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी फटाक्यांपेक्षा फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज जास्त असायचा.

या सगळ्या उपद्व्यापाचं फळ म्हणजे आमची द्राक्षं हिवाळ्यात पिकतात. नाशिकची वाईन समजून घ्यायची असेल तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जानेवारीत दुपारी 28-30 अंशांचं ऊन आणि पहाटे 10 अंशांच्या खाली पारा. निफाडला तर तो कधी कधी 5 च्याही खाली जातो. दिवसाच्या उन्हात साखर भरते. रात्र उबदार असती तर वेलीनं मण्यातली आंबटाई श्वसनात जाळून टाकली असती. थंड रात्रीमुळे ती टिकते. शेनिनला आणि सोव्हिन्योंला जो तरतरीतपणा लागतो, तो असा येतो. स्पार्कलिंगसाठी तर द्राक्षं मुद्दाम लवकर, साखर कमी आणि आंबटाई चढी असताना खुडतात. 2013 साली शाँदोनसारखं फ्रेंच नाव नाशिकमध्ये तयार झालेली स्पार्कलिंग घेऊन बाजारात उतरलं, त्याचं मला अजिबात नवल वाटलं नाही. लाल वाईनचं गणित वेगळं आहे. तिथं साखर भरून भागत नाही, साल आणि बीही पिकावी लागते. मार्च उजाडला की ऊन एकदम चढतं, साखर पुढे पळते आणि साल मागे राहते. चांगला बागायतदार तेव्हा घड कमी ठेवून वेलीवरचा भार उतरवतो. ज्याला टनावर पैसे मिळतात, तो कशाला उतरवेल?

इथं पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: मग खायच्या द्राक्षांचीच वाईन का करत नाही? खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं लागतं. थॉमसन या खायच्या वाणाच्या घडाला जीएमध्ये (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) बुडवून, विरळणी करून मणी फुगवावा लागतो, आणि 17-18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तो गोड लागतो. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. ते 22-24 ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. लाल वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो, म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात. पांढरीसाठी आधी रस काढून घेतात आणि थंड केलेल्या स्टीलच्या टाकीत सावकाश आंबवतात. थॉमसनची वाईन होते, पण तिला सांगण्यासारखी चव नसते. आणि खायच्या द्राक्षाचं एकरी 10-12 टन पीक घेणाऱ्याला वाईनसाठी 4-5 टनांवर थांबायला सांगणं म्हणजे काय, ते मी घरात पाहिलंय. वडिलांनी बागेचा एक तुकडा करारावर शिराजला दिला, तेव्हा आजोबा कितीतरी दिवस त्या बाजूला फिरकले नव्हते. अर्ध्या मांडवावर घड नसणं ही त्यांच्या दृष्टीनं नापिकीच.

इतिहास थोडक्यात सांगते. सुरुवात नाशिकमध्ये झाली असं अनेकांना वाटतं, पण 1980 च्या दशकात नाव झालं ते नारायणगावचं. श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं तिथून स्पार्कलिंग वाईन परदेशी पाठवली. त्याच सुमारास कंवल ग्रोव्हर यांनी बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी फ्रेंच वाण लावले. नाशिकला गाडी वळली ती राजीव सामंत यांच्यामुळे. ते अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले, आंबा आणि खायची द्राक्षं करून पाहिली, मग वाईनच्या वेली लावल्या आणि 2000 साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. मग वायनऱ्यांचं पीक आलं. 2008 नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानं पर्यटन बसलं आणि टाक्यांमधला साठा पडून राहिला. पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे अडकले, आणि आमच्या भावकीतल्या काहींनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा थॉमसन लावलं. आज जी मंडळी टिकून आहेत त्यांच्याबद्दल मला आदर आहे, तो यासाठीच.

आता ‘नाशिक’ म्हणजे नेमकं कुठलं? ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण नाशिक जिल्हा म्हणजे एक बाग नव्हे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. निफाड त्या मानानं कोरडं आहे. कावनईजवळ, मुकणे धरणाच्या अंगाला व्हॅलोनेची वायनरी आहे, संजेगावला ग्रोव्हर झाम्पाची. तिकडची हवा ओलसर आणि उन्हाला थोडी मवाळ. दिंडोरीकडे उतारावरची, निचऱ्याची, मुरमाड जमीन पुष्कळ, आणि शिराज तिथं खुलते. निफाडची काळी जमीन आणि कडाक्याची थंडी वेगळी. एकाच वाणाची द्राक्षं तीन गावांत तीन तऱ्हेची येतात, हे कुठलाही बागायतदार चव घेऊन सांगेल. सुलानं ‘दिंडोरी रिझर्व्ह’ काढली तेव्हा माझ्या तालुक्याचं नाव पहिल्यांदा बाटलीवर पाहिलं, आणि मला जे वाटलं ते अजून तसंच वाटतं: जानोरी, मोहाडी, कुंदेवाडी, अशी गावांची नावं बाटलीवर यायला हवीत. गावाचं नाव आलं की त्या गावच्या द्राक्षाला भाव येतो आणि टनाऐवजी चवीवर पैसे मोजायची सोय होते. तोवर शेतकऱ्याला घड कमी ठेवायला सांगणं अर्धवटच राहील.

नाशिकबाहेरचंही पिऊन पाहा. अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वायनरीची वाईन मला फार आवडते. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभी केली आणि सोलापूरच्या उन्हात सांजोव्हेझे हा इटलीचा लाल वाण पिकवून दाखवला. हंपीजवळच्या क्रस्मा वायनरीची कॅबर्ने तुम्हाला मिळाली तर सोडू नका. कॅबर्नेच्या बाबतीत कर्नाटक आपल्या पुढे आहे, हे मी नाशिककर असून म्हणते.

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हाही मला खूप विचारणा झाली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. विरोध करणाऱ्यांची काळजी मला समजते. आमच्या पंचक्रोशीत दारूनं घरं बसलेली मी पाहिली आहेत, आणि वाईनमध्येही 12-13 टक्के अल्कोहोल असतं. तिला नुसता फळांचा रस म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं आणि त्याच्या करारातल्या भावाबद्दल चकार शब्द काढला नाही, हे मला खुपलं. बाटली कुठल्या फळीवर ठेवली यापेक्षा गारपीट झाली तर त्या वर्षीचं नुकसान कोण सोसणार, हा आमच्या घरचा प्रश्न होता.

आता तुम्हाला हवं होतं ते, कुठली घ्यायची. पहिल्यांदाच पिणार असाल तर शेनिन ब्लां घ्या, चांगली गार करून. किंचित गोडसर असते आणि मिसळीच्या तिखटालाही सांभाळून घेते. सुरमईबरोबर सोव्हिन्यों ब्लां. मटणाबरोबर शिराज, पण झणझणीत काळ्या रश्श्याबरोबर जड, तुरट लाल वाईन नको. तुरटपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हे युरोपातल्या घरांसाठी ठीक आहे. आपल्याकडे एप्रिलात घर 30 अंशांच्या वर असतं, तेव्हा बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी घेताना बाटलीवरचं वर्ष बघा आणि दोन वर्षांपेक्षा जुनी घेऊ नका. दुकानात उन्हात उभी ठेवलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आणि यायचं असेल तर पावसाळ्यात येऊ नका, डोंगर हिरवे असले तरी. तेव्हा मांडवावर नुसती पानं असतात. फेब्रुवारीत या, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत खुडणी चालू असते. वायनरीत चव घ्यायला बसाल तेव्हा ओक लाकडाची पिंपं, पदकं यांच्याबद्दल ते आपणहून सांगतील. तुम्ही मात्र ही द्राक्षं कुठल्या गावची आणि कधी खुडली, एवढं विचारा. ज्या वायनरीत याचं उत्तर चटकन मिळेल, तिथली बाटली घ्या.