नाट्यपदांची तुलना: पट्टी, लय आणि मुखडा

एकच नाट्यपद निरनिराळ्या गायकांकडून ऐकून एका तक्त्यात टिपणे करण्याचा जो उद्योग मी चालवला आहे, त्यात आता एक क्रम पक्का झाला आहे: आधी पट्टी (म्हणजे गाण्याचा षड्ज, आधाराचा ‘सा’, किती उंच धरला आहे ते), मग लय, आणि या दोन्हींची खात्री पटल्यावरच गायकीविषयी मत. जुन्या लाखेच्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेल्या नाहीत. मूळ गतीपेक्षा वेगाने वाजवल्या की सूर चढतो, लय वाढते आणि साधी तानही उगाच चपळ भासते. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती मिळाल्या की त्यांचे षड्ज मी ताडून पाहतो, आणि अर्ध्या स्वराचा फरक निघाला तर लयीचा रकाना कोरा सोडतो.

सर्वांत जास्त वेळ ‘स्वयंवर’ (1916) नाटकातील ‘नाथ हा माझा’ या पदाने घेतला. भास्करबुवा बखल्यांची चाल यमन रागातली, आणि यमन म्हटले की गाणाऱ्याला विस्ताराचा मोह होणारच. बालगंधर्व मात्र शब्द न मोडता त्यांच्या मधल्या जागांत लहान लहान हरकती पेरतात आणि मुखड्यावर, म्हणजे पदाच्या फिरून येणाऱ्या सुरुवातीच्या ओळीवर, असे अलगद येतात की सम (तालाची पहिली मात्रा) आली हे तबल्याच्या ठेक्यावरूनच कळावे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत असल्याने हा संयम सक्तीचा होता, हे खरे. तरीही त्या मर्यादेत नाटकाची नायिका रुक्मिणीच बोलत राहते. मैफलीत हेच पद रंगते तेव्हा बहुधा यमन वाढतो आणि रुक्मिणी मागे पडते. ते गाणे उणे ठरत नाही, पण नाट्यपद म्हणून गुण देताना माझा हात आखडतो.

‘रणदुंदुभि’तील ‘परवशता पाश दैवे’ या पदात मास्टर दीनानाथांची झेप आणि आशा भोसले यांचे ठसठशीत उच्चार यांत मला सरस-निरस करता आलेले नाही. दीनानाथांची तान अंगावर येते, आशाताईंचा शब्द मनात राहतो, तूर्त इतकेच.

‘कट्यार काळजात घुसली’ (1967) या नाटकाने मात्र माझा तक्ताच बदलायला लावला. ‘घेई छंद मकरंद’ हे पद तिथे पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायक-पात्रांच्या गायकीत येते, म्हणजे तुलना खुद्द नाटकातच बांधलेली आहे. खाँसाहेब साकारणाऱ्या वसंतराव देशपांडे यांची आक्रमक फिरत (स्वरांतली वेगवान हालचाल) ही खाँसाहेबांच्या स्वभावाची मागणी असल्याने तिला पंडितजींच्या शांत चालीशेजारी ठेवून ‘भाव कमी’ असा शेरा मारणे अन्यायाचे होईल. तेव्हा गायकाच्या नावाआधी ‘पात्र’ असा नवा रकाना आखला आहे, आणि 2015 च्या चित्रपटात खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे यांनी केलेले गायन आता फक्त वसंतरावांच्याच ओळीखाली नोंदवतो.